घरीं आलेला ताप

ज्येष्ठा-गौरींच्या जेवणाच्या दिवशीं दुपारीं पानें वाढून झालीं, म्हणजे माझी वडील बहीण एकदां उठून ओटीवरच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन येते. तिच्यामागें कोणी जात नाहीं, व ती परत आल्यावर तिला कोणी कांहीं विचारीत नाहीं. 2018 सालीं त्याच दिवशीं व त्याच वेळीं तिचा मुलगा त्या खोलींत निजलेला होता. सोळा भाज्या झाल्या होत्या, पुरण झालें होतें, सवाष्ण जेवावयास आली होती. आणि "निजूं द्या त्याला, प्रवासाचा शीण आहे, तापहि उतरला आहे," असें म्हणून आम्ही सर्व मंडळी पानांवर बसलों. हें वाक्य म्हणणारा मीच. याविषयीं लिहावें असें पुष्कळदां मनांत आलें, परंतु हात आंखडे. आतां लिहितों, याचें कारण अक्कानेंच मला तसें सांगितलें. "आणखी एखाद्या घरीं तरी उपयोग होईल," एवढेंच ती म्हणाली.

आमचें घर संगमनेरास, प्रवरेच्या कांठीं. आमच्या नगर जिल्ह्यास 2024 सालापासून सरकारी दप्तरीं अहिल्यानगर हें नांव मिळालें असलें, तरी बाहेरच्या जगांत त्याची खरी ओळख साखरेची आहे. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ प्रभृतींनीं उभारलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यांत 1950 सालीं पहिलें गळीत झालें, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत जिल्ह्यांतील पुष्कळ तरुण ऊंस, रस, पाक व साखर यांच्याच शास्त्रांत वाढले. येथें जागा पुरेनाशा झाल्या तेव्हां हे केमिस्ट व इंजिनियर केनिया, युगांडा, टांझानिया, मोझांबिक अशा देशांत जाऊं लागले. तेथें ऊंस आहे, कारखाने आहेत आणि पगारहि चांगला आहे. माझा भाचा असाच युगांडांत गेला. वय एकोणतीस. दीड वर्षांत त्याला दोनदां हिंवताप येऊन गेला होता. आम्ही काळजी केली कीं तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हंसे. "मामा, येथें हिंवताप म्हणजे आपल्याकडचें पडसें. अंग मोडून आलें कीं दवाखान्यांत बोट टोंचतात, पंधरा मिनिटांत निकाल, तीन दिवस गोळ्या, आणि चौथ्या दिवशीं मी पुन्हा पाळीवर!"

त्याचें बोलणें अक्षरशः खरें होतें. त्याच्या मृत्यूचें कारण शोधूं लागलों तेव्हां मला प्रथम हेंच बोलणें आठवलें.

तो 2 सप्टेंबरास मुंबईस उतरला, दोन दिवस मित्राकडे राहिला आणि 4 तारखेस घरीं आला. हरतालिकेच्या दिवशीं, म्हणजे 12 तारखेस, संध्याकाळीं त्याला ताप भरला. डोकें दुखत होतें, अंग ठणकत होतें, एकदां उलटी झाली. दुसऱ्या दिवशीं गणपति बसले. तो आरतीस उभा राहिला, पण हातांतील टाळ त्यानें मध्येंच खालीं ठेविला. थंडी वाजून हुडहुडी भरली असती तर मीं हिंवतापाचें नांव निदान मनांत तरी आणलें असतें. हुडहुडी भरली नाहीं. ताप एक दिवसाआडहि आला नाहीं. सारखा राहिला, मधून मधून कमी झाला, पुन्हा चढला.

आम्ही त्याला गांवांतील एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांचें नांव मी लिहीत नाहीं. त्यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, दोषी मी आहें. त्या दिवसांत गांवांत तापाची सांथ होती, कोणाला डेंग्यू निघे, कोणाला कांहींच निघत नसे. त्यांनीं विचारलें, "बाहेरगांवीं जाणें झालें होतें का?" अक्का म्हणाली, "हो, मुंबईहून आला आहे." डॉक्टरांनीं मान हालविली व रक्त डेंग्यूसाठीं पाठविलें. डेंग्यू निघाला नाहीं, पण रक्तांतील प्लेटलेट कमी झालेल्या दिसल्या. हिंवतापांतहि त्या कमी होतात, हें मला पुढें कळलें. तापाच्या गोळ्या व भरपूर पाणी यांवर आम्ही घरीं परत आलों.

"मुंबईहून आला आहे." या वाक्यांत असत्य कांहींहि नव्हतें. ज्या विमानानें तो आला तें मुंबईसच उतरलें होतें. आईच्या मनांत परदेशची वाट मुंबईपर्यंतच होती, तेथून पुढचा मुलगा तिचाच होता. परंतु मी शेजारच्या खुर्चीवर बसलों होतों. मीं तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला आहे. विषुववृत्ताजवळचा प्रदेश, व्हिक्टोरिया सरोवर, वर्षांतून दोनदां पडणारा पाऊस हें सर्व मीं फळ्यावर किती वेळां काढलें असेल! आणि त्या दिवशीं डॉक्टरांच्या समोर मीं तोंड उघडलें नाहीं, कारण मुलगा युगांडांतून आला आहे ही गोष्ट मला तापाच्या संदर्भांत सांगण्यासारखी वाटलीच नाहीं.

16 तारखेस गौरींचें जेवण झालें. त्याच्या डोळ्यांत किंचित् पिवळेपणा आला होता, लघवी काळपट होत होती, हें त्यानें आईला लाजून सांगितलें नाहीं; मला सांगितलें तें संध्याकाळीं. रात्रीं दोनच्या सुमारास तो उठून बसला व मला विचारूं लागला, "पाळी सुरू झाली का?" मीं त्याचें नांव घेऊन हांक मारली. त्यानें मला ओळखलें नाहीं.

नाशिकच्या ज्या रुग्णालयांत आम्ही उजाडतां पोंचलों तेथें एक तरुण डॉक्टरीणबाई रात्रपाळीस होत्या. त्यांनींहि तोच प्रश्न केला, "हे कोठून आले आहेत?" अक्कानें तेंच उत्तर दिलें. बाई लिहितां लिहितां थांबल्या व म्हणाल्या, "आणि त्याआधीं कोठें होते?" एवढा एकच प्रश्न अधिक. तासाभरांत कांचपट्टीवर रक्ताचा थेंब तपासून झाला. फॅल्सिपॅरम जातीचा हिंवताप, जंतु अतोनात. आर्टेसुनेटचें इंजेक्शन लगेच सुरू केलें. परंतु मूत्रपिंडें थांबलीं, यंत्रावर रक्त शुद्ध करावें लागलें, शुद्ध परत आली नाहीं, आणि 20 तारखेच्या पहाटे सर्व संपलें.

त्यानंतरच्या महिन्यांत मी दुसरें कांहीं वाचूं शकलों नाहीं. हाच विषय मिळेल तेथून वाचीत राहिलों. म्हाताऱ्या मास्तरास दुःख आवरण्याचा दुसरा उपाय माहीत नसतो. जें कळलें त्यांतील कांहीं येथें देतों.

हिंवतापाच्या जंतूंच्या ज्या जाती माणसास पीडतात त्यांपैकीं आपल्याकडे ओळखीच्या दोन, व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपॅरम. आपल्या वैद्यकांतील तृतीयक ज्वर, म्हणजे एक दिवस सोडून थंडी वाजून येणारा ताप, तो बहुधा पहिलीचा. ती माणसास फार छळते, पण सहसा मारीत नाहीं. दुसरी जात मारते. तिचे जंतु डांसाच्या दंशांतून यकृतांत जातात, तेथें आठवडाभर तरी निमूटपणें वाढतात व मग रक्तांत उतरतात. प्रत्येक अठ्ठेचाळीस तासांच्या फेऱ्यांत त्यांची संख्या कित्येक पटींनीं वाढते. ज्या तांबड्या पेशींत ते वसतात त्या पेशी मेंदूच्या व मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना आंतून चिकटून बसतात आणि वाट बुजवितात. म्हणून या तापांत पांच दिवस घालविणें म्हणजे पांच दिवस नव्हेत. पहिल्या दिवशीं जो रोग तीन दिवसांच्या गोळ्यांनीं गेला असता तो पांचव्या दिवशीं दुसराच रोग झालेला असतो. शिवाय तापाचा नियमित ठेका या जातींत पुष्कळदां नसतोच. थंडी नाहीं, एकांतरा नाहीं, म्हणून हिंवताप नाहीं, हें आमचें घरगुती शहाणपण आम्हांस फसवून गेलें.

तें शहाणपण कोठून आलें हें मला ठाऊक आहे. माझी आजी सांगे कीं आमच्या प्रवरेच्या खोऱ्यांत ऊंस आणि हिंवताप एकाच पाटानें आले. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें. कालवे वाहूं लागले. तिच्या गोष्टींत घरोघर पोरांच्या पानथऱ्या वाढलेल्या असत, पोस्टांत क्विनाइनच्या पुड्या मिळत आणि चुलीवर किराइताचा काढा उकळत असे. पुढें 1953 सालीं राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 सालीं त्याचें निर्मूलन कार्यक्रमांत रूपांतर झालें. डीडीटी फवारणारे लोक भिंतीवर तारीख लिहून जात. आमच्या जुन्या वाड्याच्या पडवींत तशी एक तारीख मीं लहानपणीं वाचलेली आहे. 1960 नंतरच्या कांहीं वर्षांत देशांतील रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. रोग गेलाच, असें लोकांस वाटूं लागलें. 1976 सालीं ते पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. तरी आमच्या बाजूस आजचे तरुण डॉक्टर फॅल्सिपॅरमचा रुग्ण क्वचितच पाहतात, ही चांगलीच गोष्ट म्हणावयाची. पण चांगल्या गोष्टीचीहि किंमत कोणीतरी देतो.

माझा भाचा युगांडांत आजारी पडता तर वांचता. हें लिहितांना लेखणी अडते, पण तसेंच आहे. तेथें ताप म्हटला कीं शिपायापासून डॉक्टरापर्यंत सर्वांच्या मनांत पहिल्यानें हिंवतापच येतो. येथें तो कोणाच्याच मनांत आला नाहीं. घरच्या माणसांत, आईच्या हातच्या पेजेवर, सणाच्या गडबडींत तो गेला. कारण रोग परक्या मुलुखांतला होता आणि आम्ही सर्व आपलींच माणसें होतों. शिवाय त्याची आणखी एक समजूत होती. दोनदां ताप येऊन गेला म्हणजे अंग त्याला सरावलें, असें तो म्हणे. तेथें जन्मलेल्या माणसांस लहानपणापासून पुनःपुन्हा दंश होऊन थोडीशी प्रतिकारशक्ति येते, ही गोष्ट खरी. परंतु ती येण्यापूर्वीं किती मुलें दगावतात! 2023 सालीं जगांत हिंवतापानें 5 लाख 97 हजार माणसें मेलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील शेंकडा 95 आफ्रिकेंत, आणि त्यांतहि बहुतेक पांच वर्षांखालचीं बालकें. एवढ्या किंमतीनें मिळालेली ती शक्तिहि तो देश सोडून दुसरीकडे राहिल्यानें ओसरते. म्हणून वर्षानुवर्षें परदेशीं राहून सुट्टींत आपल्या मूळ गांवीं जाणारे आफ्रिकी लोकहि परतल्यावर या रोगानें मरतात. दीड वर्ष राहिलेल्या संगमनेरच्या मुलाची काय कथा?

या वाचनांत मला एक गोष्ट सांपडली ती मीं अक्काला अनेक दिवस सांगितली नाहीं. फाउस्तो कोप्पी हा इटलीचा जगप्रसिद्ध सायकलपटु. 1959 च्या डिसेंबरांत तो कांहीं फ्रेंच खेळाडूंबरोबर अप्पर व्होल्टा देशांत, म्हणजे आजच्या बुर्किना फासोमध्यें, शर्यतीस व शिकारीस गेला. राफाएल जेमिनियानी हा त्याचा मित्र त्याच्याच खोलींत निजत असे. दोघेहि परतल्यावर आजारी पडले. एक इटलींत, एक फ्रान्समध्यें. फ्रान्समध्यें डॉक्टरांनीं हिंवताप ओळखला व क्विनाइन दिलें. इटलींतील डॉक्टर दुसऱ्याच रोगावर उपचार करीत राहिले. कोप्पी 2 जानेवारी 1960 रोजीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं गेला. जेमिनियानी 2024 पर्यंत जगला; गेला तेव्हां नव्व्याण्णव वर्षांचा होता. एकाच खोलींतील डांस, एकच रोग, आणि मध्यें चौसष्ट वर्षांचें अंतर. शेवटीं एकदां मीं ही गोष्ट अक्काला सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "त्याच्या आईलाहि कोणी विचारलें असेल, कोठून आला म्हणून."

आतां प्रतिबंधाविषयीं. युगांडासारख्या देशांत जाऊन येणाऱ्यास पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते व तिचा दाखला जवळ बाळगावा लागतो. माझ्या भाच्यानें ती पिवळी पुस्तिका पारपत्रांत जपून ठेविली होती, कारण विमानतळावर अधिकारी ती मागतात. हिंवतापाच्या गोळ्यांचा दाखला कोणी मागत नाहीं. म्हणून त्या गोळ्यांचें अर्धें पाकीट त्याच्या पेटींत जसेंच्या तसें सांपडलें. जें मागतात तें आपण करतों!

या गोळ्या अनेक प्रकारच्या आहेत. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावयाची. निघण्यापूर्वीं एक-दोन दिवस सुरू करून परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवावयाची. मेफ्लोक्विन आठवड्यास एक, निघण्यापूर्वीं दोन-तीन आठवड्यांपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हें जोडऔषध परतल्यावर सात दिवस पुरतें. कोणास कोणती चालेल, गर्भवतीस व लहान मुलांस काय द्यावें, हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें. डॉक्सिसायक्लिन त्यांना देत नाहींत, मेफ्लोक्विन मनाची व्याधि असलेल्यास देत नाहींत. लोक चुकतात तें परतल्यानंतरच्या आठवड्यांत. घरीं आलों, डांस तेथेंच राहिले, आतां गोळी कशाला, असें वाटतें. परंतु डांस मागें राहिले तरी जंतु यकृतांत बसून बरोबर आलेले असतात. आपल्याकडे कपाटांत पडून असलेलें जुनें क्लोरोक्विन मात्र आफ्रिकेंतील फॅल्सिपॅरमवर भरंवशाचें नाहीं; त्याला तेथील जंतु केव्हांच सरावले.

गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी सोडावयाची नाहीं. हिंवतापाचा डांस दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळांत अंगभर वस्त्र, उघड्या त्वचेवर डांस हाकणारें मलम, आणि निजतांना औषध लावलेली मच्छरदाणी गादीखालीं खोंचलेली हवी. इतकें करूनहि कोणतीच गोळी सोळा आणे खात्री देत नाहीं. म्हणून परत आल्यापासून तीन महिने, आणि त्यानंतरहि वर्षभर, ताप आला तर त्याच दिवशीं रक्त तपासावयाचें, उद्यां नाहीं. पहिली तपासणी कोरी निघाली तरी बारा ते चोवीस तासांनीं पुन्हा, आणि पुन्हाहि. फॅल्सिपॅरम बहुतेकांस परतल्यावर महिन्याच्या आंतच गांठतो. व्हायव्हॅक्सचे जंतु मात्र यकृतांत महिनोन्‌महिने झोंपी जाऊन मग उठतात, व त्यांच्यासाठीं वेगळें औषध लागतें.

आणि आफ्रिकाच पाहिजे असें नाहीं. आपल्याच राज्यांतील गडचिरोलीच्या जंगलांत हा फॅल्सिपॅरम नांदतो. तेथें नेमणुकीवर गेलेले आपल्या जिल्ह्यांतील पोलीस, शिक्षक, वनखात्याचे लोक दिवाळीस घरीं येतात. बस्तर, ओडिशाचे डोंगर, ईशान्येकडील राज्यें, येथूनहि माणसें येतात. पिवळी पुस्तिका तेथें लागत नाहीं, आणि 'बाहेरगांवीं' या शब्दांत तें सर्व बुडून जातें.

अक्काला इंग्रजी येत नाहीं. परंतु आमच्या आळींतून कोणाचा मुलगा परदेशीं किंवा त्या बाजूस निघाला असें कळलें कीं ती त्या घरीं जाते. मच्छरदाणी देते, आणि माझ्याकडून दोन भाषांत लिहवून घेतलेला एक जाड कागद देते. त्यावर तीन ओळी असतात: मी अमुक देशांतून अमुक तारखेस आलों, मला ताप आहे, माझें रक्त हिंवतापासाठीं आजच तपासा. तारखेची जागा कोरी असते. ती प्रत्येकास बजावते, "परत येशील त्या दिवशीं विमानांतच लिहून टाक. आणि आईला सांगत बसूं नकोस, डॉक्टरांना दाखव." लोक हंसतात, कागद घेतात. पुष्कळांनीं तो वाटेंतच टाकला असेल.

2023 सालीं मार्गशीर्षांत शेजारच्यांचा मुलगा मोझांबिकहून आला व नवव्या दिवशीं तापानें पडला. त्याच्या आईनें "थंडी बाधली" म्हटलें. त्यानें खिशांतून तो चुरगळलेला कागद काढला. पहिली तपासणी कोरी निघाली; डॉक्टर म्हणाले, घरीं जा. अक्का दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या दारांत उभी. दुसऱ्या तपासणींत जंतु दिसले. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या तीन दिवसांत सहा वेळां घ्यावयाच्या असतात, आणि त्या स्निग्ध पदार्थाबरोबर घेतल्या तरच नीट अंगीं लागतात, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तीनहि दिवस सायीसकट दुधाचा पेला घेऊन अक्का दोन्ही वेळां स्वतः त्या घरीं जात होती.